बाबा म्हणाले, फिट

मेंदूत रक्ताची एवढीशी गुठळी अडकली आणि बारकीच्या बाबांची वाचा गेली. उजवा हात गेला, उजवा पाय निम्माशिम्मा गेला आणि सत्तर वर्षांत जमवलेले सगळे शब्द एका दुपारी गेले. दवाखान्यात बरेच दिवस नुसत्या खाणाखुणा झाल्यावर एक शब्द तेवढा परत आला. लेकीचं नाव आलं नाही, बहिणीचं आलं नाही, साधं 'पाणी' आलं नाही. आला तो 'फिट'. आणि वर्षभराने वेळ अशी आली की, आपलं पुढचं आयुष्य कुठे काढायचं याचं उत्तर बारकीला त्या एकाच शब्दातून काढायचं होतं.

हाच शब्द का आला याचं कोडं कुणालाच पडलं नाही. बाबा जन्मभर फिटर. पंपांच्या कारखान्यात पाइपाला पाइप जोडण्यात त्यांची हयात गेली. सांधा जुळला, नट आवळला, पाणी सोडून बघितलं आणि थेंबही गळला नाही, की पान्याने पाइपावर टकटक करायचं आणि म्हणायचं, "फिट." दिवसातून किती वेळा म्हणत असतील त्याची गणती नाही. बाकीचे शब्द पाहुणे होते, वेळ आली तसे निघून गेले. हा घरचा, हा कुठे जाणार!

बारकी ही त्यांची एकुलती एक लेक. वय चाळिशी उलटलेलं, अंगाने चांगली भरलेली. पण बापाने पाळण्यात बघून जे नाव ठेवलं ते ठेवलं. आई ती लहान असतानाच गेली, आणि बाबांनी तिला एकहाती वाढवलं. ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत बसून लोकांचे कपडे मापात आणायची. कुणाचं पोट वाढलेलं, कुणाचं लग्न ठरल्याबरोबर उतरलेलं. बारकी उसवायची, आवळायची, आत घ्यायची, बाहेर सोडायची. तिच्याही तोंडात दिवसभर तोच शब्द. कमरेत फिट आहे, खांद्यात सैल आहे.

दुकानाच्या वरच्याच दोन खोल्यांत ती आणि बाबा राहायचे, आणि बाबांना दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी आत्याही बाडबिस्तरा घेऊन दाखल झाली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिच्या तोंडाला विश्रांती म्हणून ठाऊक नव्हती. भावाचे शब्द हरवले ते थेट हिच्याकडेच आले असावेत, असं शेजारी म्हणायचे. आत्या म्हणायची, "या घरात एक लोखंडाचा फिटर, एक कापडाचा. मधे मीच काय ती ढिली."

पण आधी दवाखान्यातली गोष्ट सांगायला हवी, कारण खरं नवल तिथेच सुरू झालं.

'फिट' परत आला तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की, अशा आजारात एखादा शब्द शिल्लक राहतो आणि काहीही बोलायला गेलं तरी तोच बाहेर पडतो. त्यात फार अर्थ शोधू नका, मनाला लावून घेऊ नका. रोज सकाळी एक तरुण बाई चित्रांचा गठ्ठा घेऊन यायची, गेलेली वाचा परत आणायला. घरच्यांनी तिचं नाव पाडलं होतं बोलबाई. ती कपाचं चित्र दाखवायची. "हे काय, काका?"

"फिट."

"आणि हे?" कंगवा.

"फिट." आणि लगेच बाबा स्वतःच मान हलवायचे, डाव्या हाताने कपाळावर मारून घ्यायचे. चुकतंय हे कळत होतं, सुधारता येत नव्हतं. बारकीला ते बघवायचं नाही. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहायची.

एका दिवशी चित्रं संपवून बोलबाई निघाली होती. नर्स पाठमोरी उभी राहून औषधं काढत होती. एकाएकी बाबा ओरडले, "फिट!"

"हो काका," नर्स न वळताच म्हणाली, "एकदम फिट आहात तुम्ही."

"फिट! फिट!"

वॉर्डात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, काकांना आज जोर चढलाय. बारकीलाच शरमल्यासारखं झालं, ती "बाबा, हळू" म्हणत पुढे झाली. बाबांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि डावा हात पलीकडच्या खाटेकडे ताठ झाला होता. दारापर्यंत पोचलेली बोलबाई थबकली. तिने वळून पाहिलं आणि चित्रांचा गठ्ठा तिथेच टाकून धावत सुटली. "अहो, फिट आलीय म्हणतायत ते! त्या पेशंटला फिट आलीय!"

पलीकडच्या खाटेवरचा तरुण चादरीखाली ताठ होऊन थडथड उडत होता. त्याला कुशीवर वळवलं, डॉक्टर आले, सुई टोचली, पोरगा वाचला. हसणारे गप्प झाले. नर्सने येऊन बाबांचे हात हातात घेतले. आणि बोलबाई जमिनीवरची चित्रं न उचलता बाबांच्या खाटेच्या कडेवर बसून राहिली. तिच्या हातांवर काटा उभा राहिलेला बारकीने स्पष्ट पाहिला.

"शब्द एकच आहे हो," ती बारकीला म्हणाली, "पण तो अडकलेला नाही. ते तो वापरतायत. आता असं करा, तुम्ही शब्द ऐकूच नका. शब्द तर आपल्याला माहीतच आहे. चाल ऐका. सूर कुठे वर जातो, कुठे पडतो, हात कुठे आहे, डोळे कुठे आहेत, ते बघा."

बाबांनी दमून डोळे मिटले आणि समाधानाने म्हणाले, "फिट."

घरी आल्यावर बारकीने ते व्रतासारखं मनावर घेतलं. आणि काय सांगावं, जो शब्द तिने जन्मभर टाचणीसारखा सहज वापरला होता, तो एखाद्या खोलीचं दार उघडावं तसा उघडत गेला. चहाच्या पेल्याकडे बघत वर चढणारं "फिट?" म्हणजे अजून आहे का. तोडून टाकलेलं "फिट" म्हणजे पुरे. पायात बळ आलं की छातीतून येणारं "फिट्ट". आत्या पदरची भर घालून गोष्ट सांगायला लागली की नाकातून येणारं लांबलचक "फिऽऽट", म्हणजे थापा. शर्टाचं बटण लागलं की एक, दार नीट लागलं नाही की दुसरं. बातम्या बघताना तर ते एका शब्दात असा अग्रलेख सुनवायचे की, त्यात कुणाचीही भीडभाड नसायची.

एकदा कारखान्यातले एक जुने सहकारी भेटायला आले. बिचारे घाबरत आले होते, आता याच्याशी काय बोलायचं म्हणून. तासाभराने बारकी वर येऊन बघते तो दोघांची जुंपलेली. कुठल्याशा जुन्या पंपाचा सांधा कुणामुळे फुटला होता यावर वाद. सहकारी हातवारे करून मुद्दे मांडत होते आणि बाबा एकेका 'फिट'ने ते खोडून काढत होते. शेवटी सहकाऱ्यांनी कपाळाचा घाम पुसला. "ठीक आहे बाबा, माझीच चूक. तेव्हाही म्हणालो नव्हतो, आज म्हणतो." माणूस एका शब्दाशी वाद घालून हरून गेला! जिना उतरताना ते बारकीला म्हणाले, "काय गप्पा झाल्या म्हणून सांगू, कित्येक वर्षांत एवढं बोललो नव्हतो." बारकी जिन्यात उभी राहून कितीतरी वेळ एकटीच हसत होती, आणि हसता हसता तिला भरून आलं. केवढा होता तिचा बाप!

पण कौतुकाच्या पोटी गर्वही जन्माला येतो. कुणी आलं की विचारायचं, "काय म्हणतायत?" आणि बारकी शिवणावरची नजर न उचलता सांगायची, "उकडतंय म्हणतायत, खिडकी उघडा." खिडकी उघडली की बाबा खूश. बघणारा तोंडात बोट घालायचा. हळूहळू तिच्या मनात पक्कं बसलं की, बाबांची भाषा जगात एकट्या आपल्यालाच येते. आपण नसलो तर हा माणूस पुन्हा मुका होईल. आणि नेमकं तेव्हाच ते बोलावणं आलं.

गावात एक मोठी नाटक कंपनी आली होती. प्रयोगाच्या तोंडावर राजाच्या अंगरख्याची काख फाटली आणि कुणीतरी तो धावतपळत ड्रायक्लीनिंगच्या दुकानात आणून टाकला. बारकीने नुसती शिवण मारली नाही. अंगरखा फाटतोच का, ते तिने बघितलं. काखेत जादा कापडाची एक चौकोनी कळी घातली, म्हणजे राजाने तलवार उपसली तरी हात एकटा वर जावा, अंगरखा जागच्या जागी राहावा. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कपडेपटाच्या प्रमुख बाई स्वतः दुकानात आल्या. अंगरखा उलटा करून त्या आतली बाजू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे कुणी केलं?"

कंपनीचा कपडेपट रेल्वेने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, मोठ्या शहरात होता. त्यांना कटर हवा होता. आधीचे कटर डोळ्यांमुळे थांबले होते. राण्यांचे घागरे, शिपायांचे कोट, पऱ्यांचे पंख, सगळं कोऱ्या कापडातून कापायचं. राहायला खोली देऊ, म्हणाल्या. शनिवारपर्यंत सांगा, नाहीतर आम्ही दुसरं कुणी बघतो.

बारकीने आयुष्यभर दुसऱ्यांनी कापलेले कपडे उसवले होते. कोऱ्या कापडावर खडूने रेघ मारून त्यात कात्री घालायची तिची हौस इतकी जुनी होती की, ती अजून जिवंत आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिच्या हातून दोन वेळा सुई पडली.

"जा," आत्या म्हणाली. "यात विचार कसला करायचा? मी आहे ना इथे."

"आत्या, तू आहेस गं. पण बाबा काय म्हणतात ते तुला कळतं का?"

"मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून ओळखते त्याला!"

बारकी नुसती हसली. आत्याला ते हसू लागलं असावं, कारण ती चक्क गप्प बसली.

बाबांनी सांगितल्याशिवाय जायचं नाही, हे तिचं ठरलेलं होतं. ते जा म्हणाले तर जाईन, राहा म्हणाले तर राहीन, आणि पुन्हा त्याचं नाव काढणार नाही. सकाळी ती त्यांच्या खुर्चीपुढे बसून त्यांच्या पायाला आधाराचा साचा बांधत होती. पाऊल लोंबू नये म्हणून डॉक्टरांनी तो दिला होता. पोटरीपर्यंत येणारा, कातडी पट्ट्यांचा, बकलांचा. रोज सकाळी तो बांधायचा हे बारकीचं काम. बांधता बांधता तिने सगळं सांगितलं. अंगरखा, त्या बाई, कपडेपट, शनिवार. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. वरचा पट्टा तिच्या हातात होता.

"जाऊ का मी, बाबा?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग डावा हात तिच्या हातावर ठेवला, पट्ट्यावरच. आणि हळू, सूर खाली सोडत म्हणाले, "फिट."

ही चाल तिच्या ओळखीची होती. रोज सकाळी साचा बांधून झाला की बाबा नेमकं असंच म्हणायचे. नीट बसलंय, घट्ट आहे, असंच असू दे. तिच्या काळजात काहीतरी तुटलं, पण चेहऱ्यावर तिने ते येऊ दिलं नाही. तिने पट्टा आणखी एक भोक आवळला. "बरं बाबा. नाही जात."

"फिट!" बाबा जोरात म्हणाले.

"हो, हो, कळलं मला. नाही जात कुठे."

"फिट! फिट!" जिन्यापर्यंत तिला ते ऐकू येत होतं. एवढे खूश झाले, ती मनात म्हणाली. खाली येऊन ती मशीनवर बसली आणि तिला दोरा ओवता येईना. बाबांचा राग आला नाही तिला, खोटं कशाला सांगा. पण कापडाच्या दुकानावरून जाताना तिने त्या आठवड्यात मान वर केली नाही.

शनिवारी दुपारी त्या बाईंना फोन करून नकार कळवायला ती वर आली. बघते तर बाबा खुर्चीत, पाय लांब केलेला, आणि साच्याचे सगळे पट्टे सुटलेले. शेजारी आत्या मटार सोलत बसली होती. बारकीच्या मनातला चार दिवसांचा कढ नको तिथे उतू गेला.

"आत्या, हे काय? किती वेळा सांगितलं तुला! मी घट्ट बांधून जाते आणि दुपारी येऊन बघावं तर पट्टे सैल. लक्ष असतं कुठे तुझं?"

"माझं लक्ष? अगं, मीच सोडलेत ते. रोज सोडते."

"रोज? का पण?"

"तो सांगतो म्हणून."

"बाबा सांगतात?"

"तू जिना उतरलीस की लगेच. पट्ट्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, फिट. मग मी सोडते. चालायच्या वेळी परत बांधते. डॉक्टरांनी तरी दुसरं काय सांगितलं होतं? चालताना घट्ट, बसताना सैल."

बारकीने कपाळाला हात लावला. "अगं आत्या, फिट म्हणजे घट्ट! बरोबर बसलंय असं म्हणतात ते!"

आत्याने हातातली शेंग खाली ठेवली. "फिट म्हणजे घट्ट?" ती म्हणाली. "तुमच्या कारखान्यात असेल, तुझ्या दुकानात असेल. माझ्या घरात नाडी फिटली म्हणजे घट्ट झाली का गं? उद्या भररस्त्यात फिटली की कळेल तुला. गाठीवर हात ठेवून माणूस फिट म्हणाला तर त्याला गाठ सुटायला हवी असते, बारके. यात शिकण्यासारखं काय आहे?"

बारकी हळूच खाली बसली आणि तिने बाबांचा पायजमा वर सरकवला. पोटरीवर वरच्या पट्ट्याच्या जागी लाल वळ होता. पाय धड हलत नव्हता, पण दुखणं त्याला बरोबर कळत होतं. रोज सकाळी बाबा तिला म्हणत होते, सोड. आणि रोज सकाळी ती म्हणत होती, हो बाबा, छान बसलंय, आणि आवळत होती.

"बाबा," ती म्हणाली. तिने वळावर तळवा ठेवला.

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "फिट, फिट," ते पुटपुटले. होतं गं असं.

त्या क्षणी बारकीला जे वाटलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. शरम तर वाटलीच. पण शरमेच्या वर काहीतरी होतं, शरमेहून कितीतरी मोठं. वर्षभर ती या माणसाच्या एका शब्दाला कान लावून बसली होती आणि तिने त्याचा अर्धाच भाग ऐकला होता. परदेशातून कारखान्यात आलेलं एक 'फिट', बांधणारं, आवळणारं, जुळवणारं. आणि घरातलं, आईच्या तोंडचं, पिढ्यान् पिढ्या वापरलेलं दुसरं, सोडणारं, मोकळं करणारं. दोन भाषांतले दोन शब्द, एकमेकांच्या अगदी उलट, आणि कानाला एकच. सगळं गमावलेल्या माणसाने नेमका तोच शब्द हाताशी धरला होता, ज्यात गाठ मारणंही होतं आणि गाठ सोडणंही.

मग तिला एकेक आठवायला लागलं. पहाटे खिडकीत बसून, रस्त्यावरचे दिवे विझताना, बाबा म्हणायचे ते 'फिट'. ती म्हणायची, हो, हवा छान आहे. ते तर अंधार फिटला म्हणत होते! ऐन उन्हाळ्यात डॉक्टरांनी घरी येऊन तपासलं, आणि आता धोका नाही म्हणाले, तेव्हा बाबा सुस्कारा टाकून म्हणाले ते. शंका फिटली. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा पोटभर जेवले, बारकीकडे डोळे भरून बघत राहिले आणि म्हणाले ते. तब्येत फिट म्हणतायत, असं तिने शेजाऱ्यांना सांगितलं होतं. डोळ्यांचं पारणं फिटलं, असं तर नव्हतं ते? कोण सांगणार! एका माणसाच्या आत एवढं सगळं होतं, आणि एवढ्याशा दारातून ते रोज बाहेर येत होतं, आणि ती दारात उभी राहून म्हणत होती, मला सगळं कळतं.

"आत्या," ती म्हणाली, "तुला हे सगळं आधीपासून कळत होतं?"

"सगळं कुठलं! निम्मं मलाही कळत नाही. ते बातम्यांचं तर मुळीच नाही. नाही कळलं की मी विचारते, हे का ते? तो मान हलवतो. चुकलं तर ओरडतो. संसार असाच चालतो गं."

आणि मग बारकीला चार दिवसांपूर्वीचा तो प्रश्न आठवला. पट्ट्यावरचा हात आठवला. जिन्यापर्यंत मागे आलेला आवाज आठवला. ते खुशीचं ओरडणं नव्हतंच.

ती बाबांच्या समोर नीट बसली. या वेळी तिला काहीच येत नाही अशा तयारीने बसली.

"बाबा, मी चुकीचं ऐकलं. परत विचारते. त्या कपडेपटाच्या कामाला मी जाऊ का?"

बाबांनी डावा हात पुढे केला. शिवणकाम टाकून ती तशीच वर आली होती, त्यामुळे तिच्या डाव्या मनगटावर टाचण्यांची गादी पट्ट्याने बांधलेलीच होती. बाबांनी अंगठ्याने गादीचं बक्कल चाचपलं. एका हाताने ते निघेना. तिने मदतीला दुसरा हात नेला तर त्यांनी तो बाजूला सारला. फिटर माणूस, आपल्या कामात कुणाला हात लावू देणार नाही. दोनदा बोट घसरलं, एकदा टाचणी टोचली. तिसऱ्यांदा पट्ट्याचं टोक बकलातून मागे सरकलं, जीभ भोकातून निघाली आणि गादी तिच्या मांडीवर पडली. मनगटावर पट्ट्याचा पांढुरका, दबलेला वळ तेवढा राहिला. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"फिट," ते म्हणाले. हळू, सूर खाली सोडत.

बारकी रडायला लागली. "आणि तुमचं काय? तुम्ही कसे राहाल?"

बाबांनी त्याच हाताची मूठ वळून छातीवर आपटली. "फिट्ट!"

"ऐकलंस?" आत्या म्हणाली. "ठणठणीत आहे म्हणतोय. हे तरी तुला कळतं ना?"

रडता रडता बारकीला हसू आलं. एका दमात दोन्ही. ते घट्ट, ती मोकळी. पण मनातली शेवटची गाठ अजून तशीच होती, आणि ती बोलल्याशिवाय तिला उठता येईना. ती बाबांचा पाय धरून म्हणाली, "बाबा, आई गेल्यावर तुम्ही माझ्यासाठी काय काय केलंत. बदली नाकारलीत, बढती सोडलीत, माझ्या केसांचे गुंते सोडवायला शिकलात. आणि आता तुमची वेळ आली तर मी निघून जाऊ? तुमचं ऋण आहे माझ्यावर. जन्मभर इथे पायाशी बसले तरी ते फिटायचं नाही."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर तक्रार नव्हती, की उपकारही नव्हता. आत्याने समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"फिट," बाबा म्हणाले, आणि टेबलावरचा फोन डाव्या हाताने तिच्याकडे सरकवला.